छोट्या लाईनवरचं आमचं स्टेशन नेमकं कधी बंद पडलं?

उमरेड_मार्ग

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या, म्हणजे नॅरोगेज लाईनवर, इतवारी आणि उमरेडच्या मध्ये, माझ्या आजोळचं एक लहानसं स्टेशन आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये या लाईनवरची छोटी गाडी कायमची थांबली. पुढे रूळ उचलले गेले आणि ब्रॉडगेजचं काम लागलं. स्टेशनची जुनी खोली मात्र अजून उभी आहे. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिकीट खिडकीची जाळी, दाराच्या बिजागऱ्या, उरलंसुरलं लोखंड अजून जागेवर आहे आणि ते तिथंच राहावं असं मनापासून वाटतं. ज्यांनी या लाईननं प्रवास केलाय ते ओळखतीलच.

या स्टेशनचा इतिहास लिहून काढायचा आहे. मोठं पुस्तक वगैरे नाही, गावच्या वाचनालयात ठेवता येईल, शाळेतल्या पोरांना वाचता येईल एवढं टिपण. सुरुवातीचं मला बऱ्यापैकी माहीत आहे, ते आधी सांगतो.

१८६७ साली भुसावळकडून जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरपर्यंत आली. त्यानंतर १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत मीटरगेजची सरकारी लाईन झाली, नागपूर–छत्तीसगड रेल्वे. १८८७मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनं ही लाईन घेतली, रुंद केली आणि कलकत्त्याच्या दिशेनं वाढवत नेली. आपल्याकडची जुनी माणसं अजून जिला बी.एन.आर. म्हणतात ती हीच. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्यप्रांतावर आले. धान्य एका जिल्ह्यात आहे आणि माणसं दुसऱ्या जिल्ह्यात मरताहेत, हे सरकारनं पाहिलं होतं. दुष्काळी भागात रेल्वे न्यावी, असं १८८०च्या दुष्काळ आयोगानंच सांगून ठेवलं होतं. पण जंगल-डोंगराच्या मुलखात मोठी लाईन परवडणारी नव्हती. म्हणून अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची छोटी लाईन. आधी सातपुड्यात गोंदिया–नैनपूर १९०३ला, आणि १९०८मध्ये आपली नागपूर–उमरेड–नागभीड. येताना धान, लाकूड, जंगलचा माल. जाताना मीठ, कापड, रॉकेल.

इथवर ठीक. अडचण शेवटाची आहे. स्टेशन कधी बंद झालं असं गावात विचारलं, की उत्तरं तीन मिळतात. मामा म्हणतात २०१९. मामांचे काका म्हणतात, "टेशन तं कवाचंच बंद झालं. मास्तर गेला, तवाच." आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीचं म्हणणं, "धान जाये ना गाडीनं, तवा टेशन होतं. मंग नुसती गाडी राहिली."

मला वाटतं तिघंही खरं सांगताहेत. स्टेशन एका दिवसात बंद पडत नाही, ते टप्प्याटप्प्यानं बंद पडत जातं, आणि ज्याचा ज्या टप्प्याशी संबंध होता त्याला तीच तारीख आठवते. सरकारी कागदात शेवटचीच तारीख राहील. मधले टप्पे कोणी सांगू शकेल का? विशेषतः लाईनवर नोकरी केलेलं कोणी इथे असेल तर फार उपकार होतील.

भिवापूरची_मिरची

दादा, धागा काढलात ते फार बरं केलंत. आमचं माहेर भिवापूर. आमच्या स्टेशनला गर्दी असायची, त्यामुळे तुमच्या लहान स्टेशनासारखी गत नव्हती. तरी एक गोष्ट नक्की लिहा. या गाडीचा इतिहास कोणी सांगायला बसलं की धान, लाकूड, कोळसा, इंजिन यावरच बोलतं. गाडीत बसलेली होती ती निम्मी बायामाणसं.

हंगामात मिरची सातऱ्यावर कामाला जाणाऱ्या बाया या गाडीनं जात. ज्यांना सातरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : लाल मिरची आणून मोकळ्या जागेत पसरायची आणि बायांनी बसून तिचे देठ खुडायचे, माल निवडायचा. हाताची आग होते, डोळ्यांना धार लागते. मजुरी वजनावर. अशा मजुरीतून एस.टी.चं भाडं परवडत नसे, गाडीचं परवडे. परवडे म्हणून त्या कामाला जाऊ शकत. आमच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण ती मिरची बाजारापर्यंत गेली त्यात या बायांचा आणि या गाडीचा वाटा आहे.

माझी आई सांगायची, गाडी उशिरा असली की स्टेशनच्या ओट्यावरच बायांचा अर्धा संसार चाले. लेकरू पाजणं, वेणी घालणं, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय याची बोलणी. तुमच्या गावातल्या बायांना "स्टेशन कधी बंद झालं" असं विचारू नका. "तुम्ही गाडीनं शेवटचं कुठे आणि कशाला गेला होता" असं विचारा. उत्तर वेगळं येईल.

निवृत्त_गार्ड

मी याच लाईनवर गार्ड होतो. गावाचं नाव तुम्ही लिहिलं नाही तरी मला कळलं. त्या स्टेशनला मी कितीदा झेंडी दाखवली याचा हिशोब नाही.

तुमचा अंदाज बरोबर आहे. लहान स्टेशन असंच बंद पडतं, आणि त्याला एक क्रम असतो. सविस्तर सांगतो, कारण पुढं कोणी सांगणारं राहणार नाही.

पहिल्यांदा माल जातो. छोट्या लाईनचं दुखणं म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर. तुमच्या गावात वाघिणीत, म्हणजे मालाच्या डब्यात, धानाची पोती भरली, गाडी इतवारीला आली. तिथून पुढं मोठी लाईन. छोटी वाघीण मोठ्या रुळावर जात नाही. मग एकेक पोतं हमालाच्या पाठीवरून या वाघिणीतून त्या वाघिणीत. त्याची मजुरी, त्यात जाणारा दिवस, फाटकी पोती, सांडलेला माल, झालेली चोरी. जोवर पक्का रस्ता नव्हता तोवर व्यापाऱ्यानं हे सगळं सोसलं. ट्रक शेताच्या बांधापर्यंत यायला लागल्यावर का सोसेल? ट्रकमध्ये एकदा भरलं की थेट नागपूरच्या बाजारात उतरतं. माल बंद झाला की स्टेशनवरची मालाची साईडिंग गंजते, मालधक्क्यावर गवत येतं, नंतर साईडिंगचे रूळ उचलून दुसरीकडं वापरतात. तुमच्या आजी म्हणतात ती ही तारीख.

दुसरी पायरी क्रॉसिंगची. एकेरी लाईन, त्यामुळे समोरासमोरच्या दोन गाड्या कुठंतरी एकमेकींना बाजू देणार. त्यासाठी स्टेशनात दुसरी लाईन हवी, तिला आम्ही लूप म्हणतो. जिथं लूप, तिथं सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा), ते फिरवणारा सांधेवाला, सिग्नल, रात्री सिग्नलच्या बत्त्या, आणि स्टेशनमास्तर. मास्तरच्या खोलीत टोकनचं यंत्र. शेजारच्या स्टेशनच्या यंत्राशी ते तारेनं जोडलेलं. दोन्ही मास्तरांनी मिळून लाईन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याची कबुली, दिल्याशिवाय यंत्रातून गोळा निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघूच शकत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच पुढच्या स्टेशनपर्यंतच्या रुळावर जायची परवानगी. लोखंडाचा गोळा, त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. एवढ्याशा गोळ्यावर माणसांचे जीव असायचे. उभं न राहता गाडी जायची असली तर वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून तो दिला-घेतला जाई.

माल गेला की गाड्या कमी होतात. गाड्या कमी झाल्या की क्रॉसिंगची गरज उरत नाही. मग एक दिवस आदेश येतो, लूप काढा. लूप निघाली की टोकनचं यंत्र उचललं जातं, यंत्र गेलं की मास्तरचं काम संपतं, आणि मास्तर गेल्यावर त्याच्यासोबत सांधेवाले, पाणीवाला, बत्तीवालाही जातात. क्वार्टर रिकामे होतात. तुमच्या मामांच्या काकांची तारीख ही.

तिसरी पायरी हॉल्ट. गाडी थांबते, पण रेल्वेचा माणूस कोणी नाही. गावातल्याच एखाद्याला तिकीट विकायचा ठेका. तो जवळच्या मोठ्या स्टेशनातून पैसे भरून तिकिटं आणतो, विकतो, कमिशन घेतो. ही माणसं फार मोलाची होती. गाडी उशिरा आहे हे गावाला तीच सांगत, म्हाताऱ्यांना डब्यात चढवत, पाऊस आला की खोली उघडून देत. त्यांची नावं कोणत्याही रजिस्टरात मोठ्या अक्षरात मिळणार नाहीत. तुमच्या टिपणात पहिल्या पानावर लिहा.

आणि शेवटी गाडीच बंद होते. ती तारीख पेपरात येते, लोक फोटो काढायला येतात, इंजिनाला हार घालतात.

उमरेड_मार्ग

काका, काय बोलू! इतक्या नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. गावातली एक गोष्ट आता जुळते. स्टेशनजवळ एक लांबट, उंच मातीचा ओटा आहे, त्याला दगडाचं तोंड आहे. पोरं त्यावर क्रिकेट खेळतात. तोच मालधक्का असणार.

एक विचारू का? छोटी लाईन एवढी वर्षं चालली, मग शेवटी ती बंदच करावी लागेल अशी वेळ नेमकी कशानं आली? फक्त ट्रक?

निवृत्त_गार्ड

ट्रक हे एक. दुसरं फारसं कोणी सांगत नाही. आपली लाईन आधी एकटी नव्हती. नागभीडला गोंदिया–चांदा फोर्ट (चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर) लाईन मिळत होती, तीही छोटीच होती. पलीकडे गोंदियाहून नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा, आणि छिंदवाड्याहून परत सावनेरमार्गे नागपूर. एकाच गेजचं मोठं जाळं. डबा, वाघीण, इंजिन या जाळ्यात कुठंही जाऊ शके. १९९०च्या दशकात गोंदिया–चांदा फोर्ट ब्रॉडगेज झाली. त्या दिवसापासून आपल्या लाईनची दोन्ही टोकं मोठ्या लाईनला अडली. इतवारीला गाडी बदला, नागभीडलाही बदला. मधलं तेवढं छोटं. २०१५ अखेर छिंदवाड्याकडची गाडी बंद झाली, तेव्हा नागपुरात छोटी लाईन म्हणजे आपलीच एक उरली. एका लाईनसाठी वेगळे डबे, वेगळी इंजिनं, मोतीबागच्या कारखान्यात वेगळे सुटे भाग, वेगळी शिकलेली माणसं. ते किती दिवस चालणार?

ब्रॉडगेज व्हायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंभर किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासाला चार तासांहून जास्त लागत. उमरेडचा कोळसा, नागभीडचा माणूस, बल्लारशाकडची वाहतूक, सगळ्यांना मोठी लाईन हवी. मला वाईट एवढंच वाटतं की मोठ्या लाईनला लहान गावात थांबायला वेळ नसतो.

सावनेरी

छिंदवाडा लाईनवाल्यांकडून दोन शब्द. आमच्याकडे हे सगळं तुमच्या चार वर्षं आधी झालं, म्हणून सांगतो : घाई करा.

छोटी गाडी थांबल्यावर आम्हीही म्हणत होतो की इमारती आहेत, सावकाश फोटो काढू. ब्रॉडगेजला भराव उंच लागतो, वळणं सैल लागतात, फलाट लांब लागतो. कुठे नवी लाईन जुन्या स्टेशनच्या अंगणातून जाते, कुठे बाजूनं निघून जाते. अंगणातून गेली की जुनी खोली एका दिवसात साफ. आमच्या भागातल्या एका स्टेशनची आज नुसती जागा दाखवता येते, तीही कडुनिंबावरून.

त्यामुळे आधी मोजमाप. टेप घेऊन खोलीची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, खिडकीची उंची, ओट्याची लांबी. कौलं कोणत्या प्रकारची, त्यावर उमटवलेलं नाव आहे का. विटांवर शिक्का आहे का. जुन्या रुळाचा एखादा तुकडा कुंपणाला किंवा खांब म्हणून उभा असेल तर त्याच्या उभ्या भागावर उठावाची अक्षरं असतात : कारखान्याचं नाव, वर्ष, कधी दर यार्डाला किती पौंड ते वजन. आमच्याकडे गुरांच्या गोठ्याच्या खांबावर अशी अक्षरं सापडली. मात्र रुळावरचं साल म्हणजे लाईनचं साल समजू नका. मोठ्या लाईनवर झिजलेले रूळ नंतर छोट्या लाईनला आणून टाकायचे, तेव्हा साल मागेपुढे असतं.

आणि एक. जागा रेल्वेची आहे. विनापरवाना आत जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली गुन्हा ठरतो, आणि रेल्वेची वस्तू उचलली तर १९६६चा वेगळाच कायदा लागतो. काम चालू असेल तिथल्या अधिकाऱ्याला भेटून, कागद देऊन, रीतसर परवानगी घ्या. माणूस नीट बोलला की देतात. पाटी, घंटा, कंदील असं काही दिसलं तर घरी नेऊ नका, मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयाला कळवा. १४ डिसेंबर २००२ला ते सुरू झालं. आपल्या नागपूरचीच गोष्ट, पण शहरातल्या कितीतरी लोकांनी आत पाऊल टाकलेलं नाही. तुमच्या गावची पोरं एकदा तिथं न्याच. डबा आणि इंजिन हात लावून पाहिल्यावर तुमचं टिपण त्यांना दुप्पट कळेल.

दप्तरखाना

उशिरा येतोय, पण कागदांबद्दल लिहितो. माझं काम त्यातलंच आहे.

गावागावांत एक समज असतो की आपली लाईन "जी.आय.पी.नं टाकली". इतवारी–नागभीडच्या बाबतीत हे लक्षात ठेवलं नाही तर तुम्ही मुंबईच्या कागदांत वर्षं घालवाल आणि हाताला काही लागणार नाही. लाईन बी.एन.आर.ची. कंपनीचं मुख्यालय कलकत्त्याला, गार्डन रीचला. ऑक्टोबर १९४४मध्ये सरकारनं कंपनीचा कारभार हाती घेतला. १९५२मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ला दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली, मुख्यालय पुन्हा गार्डन रीचच. २००३पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, मुख्यालय बिलासपूर. म्हणजे कुही-उमरेडच्या शेतातल्या एका खोलीचे कागद आधी कलकत्त्याला, मग बिलासपूरला. आणि नागपूर मंडळं दोन आहेत, एक मध्य रेल्वेचं, एक दक्षिण पूर्व मध्यचं. अर्ज पाठवताना दुसरंच मंडळ लिहिणं ही नेहमीची गोष्ट आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३)प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायला हवा, तरी आपणच नीट लिहिलेलं बरं.

अर्जात "स्टेशनचा इतिहास द्या" असं लिहू नका. इतिहास नावाची फाईल कोणाकडे नसते. असलेला कागद नावानं मागा : या स्टेशनचे स्टेशन वर्किंग रूल्स, यार्डचा नकाशा, लूप काढल्याचा आदेश, स्टेशनचं हॉल्ट केल्याचं परिपत्रक, हॉल्ट ठेक्याची जाहिरात. जुनी वर्किंग टाइम टेबल मागा. ही प्रवाशांची वेळापत्रकं नव्हेत, रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठी छापलेली असतात, आणि त्यात कोणत्या स्टेशनला क्रॉसिंग आहे, कोणतं हॉल्ट आहे ते असतं. दोन सालांची पुस्तकं शेजारी ठेवली की गार्डकाकांनी सांगितलेली पायरी कोणत्या काळात उतरली ते कळतं. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

याहून सोपी एक वाट आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. १९७१, १९८१, १९९१च्या नागपूर जिल्हा पुस्तिकांत प्रत्येक गावापुढे सुविधांचा तक्ता असतो : शाळा, पाणी, टपाल, बाजाराचा वार, दळणवळण. बस थांब्याला आणि रेल्वे स्टेशनला वेगवेगळी आद्याक्षरं. तुमच्या गावापुढे पक्का रस्ता आणि बस कोणत्या दशकात उगवते ते पाहा. मालाची तारीख त्याच्या आसपास असणार. या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

जमिनीचं वेगळं. आपला भाग मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा. १९०८च्या आधी जमीन घेतली ती १८९४च्या भूसंपादन कायद्यानं, आणि मोबदला बहुधा मालगुजाराला मिळाला असणार, जमीन कसणाऱ्या कुळाला काय मिळालं हा प्रश्न वेगळा. भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या बंदोबस्ताची (जमीन मोजून सारा ठरवल्याची) मिसल, म्हणजे फाईल, आणि गावाचा नकाशा मागा. आमच्याकडच्या निस्तार पत्रकात गुरांचे रस्ते, तळी, चराई लिहिलेली असते. रुळानं कोणता गाडरस्ता तोडला, गुरं कुठून फिरवावी लागली हे तिथं दिसण्याची शक्यता आहे. मध्यप्रांताच्या सचिवालयाचे जुने कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात आहेत. तिथं रेल्वे आणि दुष्काळ या दोन्ही विषयांखाली शोधा. दुष्काळाखाली जास्त मिळतं, असा माझा अनुभव आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे भूभागाचे नकाशे, म्हणजे टोपोशीट, हव्या असतील तर नागपूर ५५ ओ मध्ये येतं, उमरेड ५५ पी मध्ये.

वैनगंगाकाठ

आमचं स्टेशन पवनी रोड. पवनी मात्र वैनगंगेवर, स्टेशनपासून लांब. ज्या गावात प्राचीन स्तूप उत्खननात निघाले, ज्याला एवढी मंदिरं, त्या गावाला रेल्वेचं नुसतं नाव मिळालं. लाईन टाकणाऱ्यांनी जमीन, चढउतार आणि खर्च पाहिला, गावाचं वय पाहिलं नाही. यात राग नाही, पण तुमच्या गावाजवळून लाईन का गेली आणि शेजारच्या मोठ्या बाजाराच्या गावाजवळून का नाही, हेही टिपणात यावं. लाईन गेल्यावर बाजार हलला का? आठवडी बाजाराचा वार बदलला का? आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात हे सारखं येतं.

भिवापूरची_मिरची

वैनगंगाकाठ भाऊंचं पटलं. अजून एक आठवलं : विहीर. कितीतरी लहान स्टेशनांवर रेल्वेची स्वतःची विहीर असे आणि उन्हाळ्यात गावातल्या बाया तिथून पाणी आणत. मास्तर चांगला असला तर आणू देई. कोणत्या जातीच्या बायांना गावच्या विहिरीवर जाऊ देत नसत आणि त्या स्टेशनवरून पाणी आणत, हेही विचारा दादा. अवघड आहे विचारणं, पण विचारा. काही घरांसाठी स्टेशन म्हणजे आधी ती विहीर होती.

उमरेड_मार्ग

ताई, या एका ओळीसाठी तरी हा धागा काढला ते सार्थक झालं. आजोळी गेलो तेव्हा मामींना सोबत घेऊन बायांशी बोललो. गाडीनं शेवटचं कुठे गेला होता, असंच विचारलं. एक आजी म्हणाल्या, नागपूरला मेडिकलमध्ये, लेकीच्या बाळंतपणाला. दुसऱ्या म्हणाल्या, "मी तं गाडीत कधी बसलीच नाही. पाणी आणाले जाये टेशनवर. आमाले गावात भरू नोहोते देत." हे त्यांनी एवढ्या सरळपणे सांगितलं की मामी गप्पच झाल्या. मामी त्याच गावात नांदायला आल्या, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. विहीर अजून आहे, वर जाळी टाकलेली आहे.

म्हणजे आता तारखा चार झाल्या. गावात नळ आला त्या वर्षी त्या आजींसाठी स्टेशन संपलं.

हॉल्टचा ठेका ज्यांच्याकडे होता त्यांच्या मुलाचीही भेट झाली. वडील हयात नाहीत. घरात लाकडी खणाखणांचा तिकिटांचा डबा आहे, त्यात काही जाड पुठ्ठ्याची तिकिटं शिल्लक आहेत. वस्तू त्यांची आहे, मी फक्त फोटो काढले. काका, त्यावरून काही कळेल का?

निवृत्त_गार्ड

खूप कळेल. पुठ्ठ्याचं तिकीट सगळीकडं एकाच मापाचं, साधारण ५७ मिलिमीटर लांब आणि ३० रुंद. आकडे बघा. प्रत्येक गावच्या तिकिटाचा वेगळा क्रम असतो आणि तो शून्यापासून चढत जातो. शिल्लक तिकिटावरचा पहिला आकडा म्हणजे तिथवरची तिकिटं विकली गेली. उमरेडचं तिकीट कुठवर गेलं, इतवारीचं कुठवर, हे शेजारी ठेवा. गाव कोणत्या दिशेनं जात होतं ते दिसेल. एकाच गठ्ठ्याचा हिशोब आहे, तेव्हा फार ताणू नका. तारीख न विकलेल्या तिकिटावर नसते, विकताना यंत्रात दाबून उमटवत. पण भाडं छापलेलं असतं आणि भाडं कोणत्या साली काय होतं हे काढता येतं. रेल्वेची आद्याक्षरंही पाहा. दक्षिण पूर्वची असतील तर २००३च्या आधीची छपाई.

डब्यातल्या खणांवर गावांची नावं लिहिलेली असतील. ती कुठपर्यंत जातात? नागभीडच्या पुढची आहेत का?

उमरेड_मार्ग

आहेत. चिमूटभर शाई उरली आहे, पण वाचता येतं. नागभीडनंतर ब्रह्मपुरी, वडसा आणि गोंदिया. आणि एका खणावर सावनेर.

सावनेरी

सावनेर! म्हणजे तुमच्या गावातून आमच्याकडे येणारी इतकी माणसं होती की वेगळा खण ठेवावा लागला. सोयरिकी असणार, नाहीतर बैलबाजार. मी आमच्याकडच्या जुन्या लोकांना विचारतो. तुमच्याकडून कोणती आडनावं इकडे आली ते मला खाजगीत कळवा, इथे नको.

दप्तरखाना

त्या डब्याचा प्रत्येक खण वेगळा फोटो काढून, मोजपट्टी बाजूला ठेवून नोंदवा. मालकाची परवानगी लेखी घ्या आणि एक प्रत त्यांना द्या. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी करून ठेवतो. त्यात आणखी एक मागणी घालू : स्टेशनच्या विहिरीबद्दल रेल्वेनं नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीशी काही पत्रव्यवहार केला होता का. असला तर इंजिनिअरिंग शाखेत असेल, वाहतूक शाखेत नाही. दोन अर्ज करावे लागतील.

निवृत्त_गार्ड

पुढच्या रविवारी मोतीबागच्या संग्रहालयापाशी येतो. माझ्याजवळ एक जुनं वर्किंग टाइम टेबल आहे, त्यात तुमचं स्टेशन क्रॉसिंगसह आहे. ते पाहा, पानांचे फोटो घ्या. येताना अर्जाचा मसुदा आणि त्या आजी तयार असतील तर त्यांचं बोलणं मोबाईलवर भरून आणा. माझे दोन जुने सहकारी पण येणार आहेत, एक जण तुमच्याच सेक्शनला चावीवाला, म्हणजे रोज रुळावरून चालत तो तपासणारा, होता. पाणी कोण कोण भरायला येई ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

उमरेड_मार्ग

नक्की येतो काका. आजी बोलायला तयार आहेत, पण त्या म्हणतात मोबाईलवर नको, त्यांना स्वतः यायचं आहे. मामी त्यांना एस.टी.नं घेऊन येतील.